दानाच्या पैशातून झालेलं रोबोटिक ऑपरेशन: मामाचा अनुभव आणि डोक्यात राहिलेला एक प्रश्न

कुळागरकन्या | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून इथे बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मामा पाडेली. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, माडावर चढून नारळ पाडणारा. डिचोलीच्या आसपासची पाच-सहा भाटं, म्हणजे माडांच्या बागा, वर्षानुवर्षं त्याच्याकडे आहेत. वय छप्पन्न. पायाला दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि दिवसाला तीसेक माड. त्याच्या धंद्यात आता पोरं येत नाहीत, त्यामुळे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी भाटकार त्याच्या दारात रांग लावतात. मागच्या चवथीला मात्र तो सोनोग्राफीच्या रांगेत होता. कुशीत बारीक दुखत होतं, खडा असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. खडा नव्हताच. उजव्या मूत्रपिंडावर साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठ लहान आहे, तेवढीच काढून बाकीचं मूत्रपिंड राखता येईल. उघडं ऑपरेशन करायचं तर बरगडीखाली कुशीत लांब छेद घ्यावा लागेल, स्नायू कापावे लागतील. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हाका माडार चडूंक मेळटलें मगो?" (मला माडावर चढायला मिळेल ना?) डॉक्टर हसले नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाले, कुशीचा स्नायू कापला की तिथे पुढे फुगवटा राहू शकतो, हर्निया होऊ शकतो. तुमचा धंदा बघता रोबोटने झालं तर बघा.

थिवीहून मांडवी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठली. तिथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात एकूण अंदाज निघाला साडेचार लाखांचा. त्यात 'रोबोट' अशी वेगळी ओळ होती, दीड लाखाची. मामी ती ओळ बघून पाटल्यांना हात लावून बसली. तिथल्या समाजसेविका बाईंनी आमचं रेशनकार्ड, मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि तीन दिवसांनी सांगितलं की रोबोटचे दीड लाख एका देणगी निधीतून भरले जातील. पैसे आमच्या हातात आले नाहीत, बिलातूनच वजा झाले. कोणाचे पैसे, तेही कळलं नाही.

ऑपरेशन साधारण साडेतीन तास चाललं. दुसऱ्या दिवशी मामा वॉर्डातून चालला, चौथ्या दिवशी सुट्टी. पोटावर पाच छोटी भोकं. तपासणीत गाठ पूर्ण निघाल्याचं आलं आणि मूत्रपिंड जागेवर आहे.

आता प्रश्न. त्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, अमुक कुटुंबाच्या देणगीतून हे रोबोटिक यंत्र. मग यंत्र जर दानाचं, तर मामाला पुन्हा दीड लाख कशाचे लावले? आणि ते भरायला पुन्हा दुसरं दान का लागलं? मी त्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या "कन्झ्युमेबल्स". पुढचा पेशंट आला, बोलणं राहिलं.

---

म्हापशेकर | रविवार, रात्री १०.०५

मामा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पाडेली आजकाल मिळतात कुठे! आमच्याकडे गेले दोन महिने नारळ माडावरच सुकताहेत.

---

रोखठोक_फोंडा | रविवार, रात्री १०.५०

मामांना आराम पडो. पण मुद्द्यावर स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

एक यंत्र दहा-बारा कोटींच्या घरात जातं. त्या पैशात किती आरोग्य केंद्रांना चांगली सोनोग्राफी मशीनं येतील याचा हिशेब करा. कुळागरकन्या, तुमच्या मामाचा जीव रोबोटने वाचवला की वेळेत झालेल्या सोनोग्राफीने? सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या बाईची गाठ साडेतीन सेंटिमीटरला सापडतच नाही, ती दहाला सापडते. तिथे रोबोट काय करणार?

दानशूरांना फीत कापायला चमकदार वस्तू लागते. सोनोग्राफीच्या जेलच्या बाटलीवर कुणी नाव कोरत नाही.

---

कुळागरकन्या | रविवार, रात्री ११.१५

राग कसला? तुमचं म्हणणं मलाही पटतं, म्हणून तर धागा काढला. फक्त 'जीव वाचला' एवढंच मोजू नका. मामाचा जीव उघड्या ऑपरेशननेही वाचला असता. प्रश्न त्याच्या कुशीचा होता.

---

हिरवा_गाऊन | सोमवार, सकाळी ६.३०

रात्रपाळी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला. मी ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स. मूळची पेडण्याची, आता नोकरी गोव्याबाहेर. रोबोटच्या ओटीत चार वर्षं आहे, तेव्हा 'कन्झ्युमेबल्स' म्हणजे काय ते मी सांगते.

आधी एक गैरसमज. रोबोट आपणहून काहीही करत नाही. सर्जन खोलीच्या कोपऱ्यात कन्सोलवर बसतो, बरेच जण बूट काढून, कारण पायाखाली पेडल असतात आणि मोज्यांतून ते नीट कळतात. डोळ्यांपुढे त्रिमितीतलं, दहापट मोठं चित्र. तो बोटं हलवतो तसं पेशंटच्या पोटातलं टोक हलतं, आणि हाताचा कंप मधल्यामध्ये गाळला जातो. पेशंटजवळ दुसरा डॉक्टर आणि आम्ही असतो. सक्शन, टाक्याची सुई आत देणं, अवजार बदलणं ही कामं आमच्या हातची.

आता खर्च. यंत्राला चार हात. प्रत्येक हाताला दर केसला नवा निर्जंतुक प्लास्टिकचा झगा चढवायचा, तो वापरून फेकायचा. हातात जी अवजारं बसतात, म्हणजे कात्री, चिमटा, सुई धरायचं, ती जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची, पण टोकाला मनगटासारखी वळतात. साध्या दुर्बिणीच्या, म्हणजे लॅप्रोस्कोपीच्या, अवजाराला मनगट नसतं, मुख्य फरक हाच. आणि या प्रत्येक अवजारात एक चिप असते. ते किती वेळा वापरलं ते ती मोजते. पूर्वी बहुतेक अवजारांना दहा वापर असायचे, नंतर कंपनीने काहींचे वाढवले. अवजार बसवलं की स्क्रीनवर उरलेला आकडा येतो. शून्य झालं की ते नवंकोरं दिसत असलं तरी यंत्र ते घेत नाही. धार शाबूत, मनगट शाबूत, आणि तरी टाकायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा जीव हळहळला होता, आईने नवी पातेली भंगारात घातल्यासारखं वाटलं.

मूत्रपिंडाच्या केसला तीन-चार अवजारं लागतात. त्यांच्या एकेका वापराची किंमत, झगे, टाके, क्लिपा, हे सगळं दर पेशंटला नव्याने. वर कंपनीचं वार्षिक देखभालीचं बिल, मशीन चालो न चालो. कुळागरकन्या, पाटीवरच्या कुटुंबाने यंत्र दिलं. तुमच्या मामाचे झगे आणि अवजारांचे वापर कुणीतरी दुसऱ्याने दिले.

आणि आम्हा सिस्टर लोकांत बोललं जातं ते लिहूनच टाकते. घाटावरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात माझी मैत्रीण आहे. तिथे दानाचं यंत्र आलं, मोठा समारंभ झाला, मंत्री आले. दुसऱ्या वर्षी अवजारांची ऑर्डर द्यायला पैसे नाहीत. ज्यांची विम्यातून सोय होते त्यांच्यावर महिन्याला चार-पाच केस होतात, बाकी दिवस यंत्र झाकून ठेवतात. गरीब पेशंट त्याच ओटीत, त्याच्या शेजारी, उघडं ऑपरेशन करून घेऊन जातात. ती म्हणते, रोज त्याची धूळ पुसायची ड्युटी मात्र आमची.

---

जमाखर्च | सोमवार, सकाळी ११.२०

हिरवा गाऊन ताईंनी खरी गोम सांगितली. पेशाने मी लेखापरीक्षक, म्हणून आकड्यांत मांडतो. आकडे समजा धरलेत, कुठल्याही हॉस्पिटलचे नाहीत.

समजा यंत्र १२ कोटींचं आणि ते १० वर्षं चालणार. म्हणजे वर्षाला १ कोटी २० लाख. देखभाल समजा वर्षाला १ कोटी. एकूण २ कोटी २० लाख. वर्षाला १०० केस झाल्या तर प्रत्येक केसच्या डोक्यावर २ लाख २० हजार. ३०० झाल्या तर सुमारे ७३ हजार. अवजारं-झगे याच्या वर, वेगळे.

कुणी यंत्र दान दिलं तर १ कोटी २० लाख गळतात, पण देखभालीचा १ कोटी राहतोच. १०० केसना १ लाख, ३०० केसना ३३ हजार. म्हणजे यंत्र फुकट मिळूनही ते कमी चाललं तर पेशंटला महागच पडतं. उलट कुणी यंत्राला छदाम दिला नाही, पण गरिबांच्या दोनशे जादा केसचा खर्च उचलला, तर त्या दोनशे जणांचं काम होतंच, शिवाय बाकीच्या शंभर जणांचाही दर उतरतो.

कंपन्यांच्या दानाचं दुखणं इथेच आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ज्या कंपनीचा नफा ५ कोटींवर, किंवा उलाढाल हजार कोटींवर, किंवा नक्त मूल्य ५०० कोटींवर, तिने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर घालायचे. आरोग्य त्या यादीत आहे. पण मार्च जवळ आला की कंपनीला एका चेकमध्ये संपणारी वस्तू हवी असते. यंत्र घेतलं, बिल फाईलला लावलं, फोटो काढला, झालं. 'पुढची पाच वर्षं दरवर्षी ६० पेशंटचे झगे आणि अवजारं' हा प्रस्ताव मी स्वतः एका क्लायंटच्या बैठकीत मांडला होता. संचालक म्हणाले, याचं उद्घाटन कसं करायचं?

---

रोखठोक_फोंडा | सोमवार, दुपारी १२.०५

बघा, मी तेच म्हणतोय. फीत!

---

जमाखर्च | सोमवार, दुपारी १२.१२

अर्धंच, बाब. तुमचं म्हणणं यंत्र नकोच. माझं म्हणणं, यंत्र घेतलंत तर ते गरिबासाठी चालवायचीही सोय करा.

---

टाका_दोरा | सोमवार, रात्री ८.४५

मी सर्जन, रोबोटवर काम करतो, तेव्हा माझा कल त्या बाजूला असणार हे धरून वाचा. आणि तरी आधी रोखठोक यांच्या बाजूने थोडं बोलतो, कारण दान मागताना आमच्याच लोकांकडून अतिशयोक्ती होते.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांवर रोबोट विरुद्ध उघडं ऑपरेशन अशी चाचणी झाली, २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत जवळपास सारखी. रक्तस्राव रोबोटमध्ये कमी. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ४७१ रुग्णांच्या चाचणीत, २०१७ ला, दुर्बिणीचं ऑपरेशन अर्ध्यावर सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटने ठळकपणे कमी झालं नाही. आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला तर २०१८ मध्ये धक्काच बसला. छोट्या भोकांतून, म्हणजे दुर्बीण किंवा रोबोटने, केलेल्या गटात साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या ८६ टक्के, उघड्या ऑपरेशनच्या गटात ९६.५ टक्के. म्हणजे तिथे लहान छेदाचा मोह बाईच्या जिवावर बेतू शकतो. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही कॅन्सरमध्ये रोबोट वापरताना सावध राहा असं बजावलं.

आता दुसरी बाजू. मूत्राशय काढण्याच्या ऑपरेशनची ब्रिटनमधली चाचणी, आयरॉक, २०२२. नऊ केंद्रं. ऑपरेशननंतरच्या नव्वद दिवसांत पेशंट हॉस्पिटलबाहेर किती दिवस राहिला ते मोजलं: रोबोट ८२, उघडं ८०. दोन दिवसांचा फरक, तुम्ही म्हणाल एवढंच? पण जखमेचे त्रास ५.६ टक्के विरुद्ध १६ टक्के. जखम पिकली की काय होतं ते ज्याच्या घरी झालंय त्याला विचारा. महिनाभर ड्रेसिंग, रिक्षा, कुणाची तरी रजा. आणि या धाग्यासाठी महत्त्वाचं म्हणजे या चाचणीचा मुख्य पैसा धर्मादाय संस्थेचा होता, द युरॉलॉजी फाउंडेशनचा. यंत्र खरंच उपयोगी आहे का हे तपासायलाही कुणी दान दिलं. या दानाची आपल्याकडे कुणाला आठवणसुद्धा येत नाही.

मामांच्या केसमध्ये रोबोट शोभतो तो शिवणकामासाठी. अर्धं मूत्रपिंड राखायचं तर त्याची रक्तवाहिनी चिमट्याने बंद करून गाठ कापायची आणि उरलेलं मूत्रपिंड शिवून वाहिनी सोडायची. तेवढा वेळ मूत्रपिंड बिनरक्ताचं असतं. वीस-पंचवीस मिनिटांत आटोपलं तर उत्तम. साध्या दुर्बिणीच्या सरळसोट दांड्यांनी आत वाकड्या कोनात टाके घालणं फार थोड्यांना जमतं, मग पुष्कळदा 'अख्खंच काढून टाकू' असं ठरतं. मनगट असलेलं अवजार तिथे कामाला येतं.

म्हणून निधी देणाऱ्यांना मी सांगतो, 'रोबोट' म्हणून सरसकट देऊ नका. कुठल्या ऑपरेशनला, ते विचारा.

---

हिरवा_गाऊन | सोमवार, रात्री ९.१०

सर, एक राहिलं. करणारा कोण हेही विचारायला सांगा.

---

टाका_दोरा | सोमवार, रात्री ९.२५

बरोबर, सिस्टर. शिकलेला हात नसेल तर यंत्र शोभेचं. अमेरिकेत राज वट्टीकुटी या मूळच्या भारतीय उद्योजकाने २००१ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलला २ कोटी डॉलर दिले, मणी मेनन यांचा प्रोस्टेटच्या रोबोटिक शस्त्रक्रियेचा विभाग त्यावर उभा राहिला. पुढे त्यांच्याच फाउंडेशनने भारतातल्या तरुण सर्जनना फेलोशिप द्यायला सुरुवात केली. माझ्या ओळखीचे दोघे तसेच शिकलेत. ते आता जिथे आहेत तिथले पेशंट त्या देणगीचेच लाभार्थी, त्यांना पत्ता नसला तरी.

---

स्विंडनहून_सावर्डेकर | मंगळवार, पहाटे २.३०

इथे इंग्लंडात, स्विंडनमध्ये आपला अर्धा सासष्टी तालुका उतरलाय, त्यात मी एक. हॉस्पिटलात पोर्टरचं काम करतो, पेशंटच्या खाटा ढकलतो.

इथल्या सरकारी हॉस्पिटलांना बहुतेक सगळीकडे आपापली चॅरिटी असते. डॉक्टर, सिस्टर, औषध सगळं सरकारी आरोग्य सेवेचं. त्यापलीकडचं चॅरिटी देते. रोबोटसाठी अपील निघालं की लोक मॅरेथॉन पळतात, केक विकतात, कुणी मरताना मृत्युपत्रात घर देऊन जातं. लंडनच्या रॉयल मार्सडेन कॅन्सर हॉस्पिटलला तिथल्या चॅरिटीने रोबोटही घेऊन दिले आणि त्यावर शिकणाऱ्या डॉक्टरांच्या फेलोशिपलाही पैसे घातले. पेशंटला बिल नाहीच, त्यामुळे 'रोबोटची ओळ' हा प्रकार इथे नाही. कुळागरकन्याबाय, फरक इथे पडतो. चॅरिटीने यंत्र दिलं की ते चालवायचा रोजचा खर्च सरकार उचलतं, म्हणून ते यंत्र खाण कामगारालाही मिळतं आणि बँक मॅनेजरलाही.

२०२५ मध्ये इथल्या आरोग्य सेवेने जाहीर केलं की २०३५ पर्यंत वर्षाला पाच लाख ऑपरेशनं रोबोटच्या मदतीने होतील. २०२३-२४ मध्ये ती ७० हजार होती. म्हणजे चॅरिटीने वाट पाडली आणि आता सरकार त्यावर डांबर घालतंय. मात्र वेटिंग लिस्ट विचारू नका. माझ्या शेजाऱ्याचं साधं हर्निया वर्षभर लोंबकळतंय, तेही शब्दशः.

---

म्हापशेकर | मंगळवार, सकाळी ७.१५

शेवटचं वाक्य चहा पिताना वाचलं. की-बोर्ड पुसतोय.

---

जुना_मडगावकर | मंगळवार, सकाळी १०.३०

गोव्याला हे नवं नाही. मडगावचं हॉस्पिसियो हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकात पाद्री मिरांडांनी गरिबांसाठी, दारोदार मागून उभं केलं. त्याच्याही आधी सांता काझा द मिझेरिकॉर्दिया ही पोर्तुगीज काळातली धर्मादाय संस्था होती. १८४२ ला पणजीत वैद्यकीय शाळा निघाली, तिचंच पुढे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, झालं. माझा जन्म हॉस्पिसियोतला. आईच्या बाळंतपणाचा खर्च काय, तर वडिलांनी नंतर नेऊन दिलेला फणस. तेव्हाचं दान खाट, सूप आणि पावाचं होतं. ते रोज द्यावं लागायचं, एकदाच देऊन पाटी लावायची सोय नव्हती.

---

ठाण्याची_सून | मंगळवार, दुपारी ३.००

माहेर वाळपई, सासर ठाणे. एका मुंबईच्या हॉस्पिटलात मी समाजसेवा विभागात आहे. (कुळागरकन्या, तुम्हाला अर्धवट उत्तर देणारी मी नव्हे!) गोव्याहून येणाऱ्यांसाठी कामाचं लिहिते.

येण्याआधीच कागद करा. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून, रेशनकार्ड, आधार, आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवर 'रोबोटनेच का' याचं कारण. बहुतेक अर्ज या शेवटच्या कागदापाशी अडतात. 'रोबोटिक सजेस्टेड' एवढंच लिहिलेलं असेल तर ट्रस्टवाले परत पाठवतात. 'पेशंट माडावर चढून पोट भरतो, कुशीच्या छेदाने हर्नियाचा धोका' असं लिहिलं तर माणूस दिसतो.

गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ ची, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्यापेक्षा मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. कार्ड असेल तर आधी तिथे विचारा, मग ट्रस्ट. दाते पहिला प्रश्न तोच करतात. घरात कुणाचा खासगी विमा असेल तर पॉलिसी उघडून बघा. ऑक्टोबर २०२० पासून विमा कंपन्यांना रोबोटिक सर्जरी सरसकट नाकारता येत नाही, पण वेगळी मर्यादा घालता येते, आणि ती मर्यादा कुठल्यातरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते.

महाराष्ट्रात धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. हा निधी आटला की महिनाअखेरीला आमचे हात बांधले जातात. म्हणून शक्य असेल तर महिन्याच्या सुरुवातीला या. हे मी बोलले असं कुणाला सांगू नका.

राहायला कॅन्सरचा पेशंट असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

आणि पैसे कधीही एजंटला देऊ नका. 'मी ट्रस्टमधून काढून देतो, दहा टक्के माझे' म्हणणारे हॉस्पिटलच्या चहाच्या टपरीवरच भेटतात.

---

रोखठोक_फोंडा | मंगळवार, रात्री ९.३५

ठाण्याच्या ताई, हे प्रिंट काढून आमच्या वाचनालयात लावतो. परवानगी गृहीत धरतो.

मी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. सोनोग्राफी आधी, रोबोट नंतर, हे राहणारच. पण एक कबूल. मी दानाचा हिशेब 'किती जीव वाचले' असाच करत होतो. पाडेल्याची कूस, शिंप्याचं बोट, बसवायचं तर कुठल्या रकान्यात बसवायचं हे मला अजून सुचलेलं नाही. माझे वडील सुतार होते. हर्नियाच्या ऑपरेशननंतर ते रंधा मारू शकले नाहीत, पुढची अकरा वर्षं दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. आम्ही त्याला 'बरे झाले' म्हणायचो.

---

जमाखर्च | मंगळवार, रात्री ९.५०

रोखठोक बाब, तो रकाना आमच्या वह्यांत नाही. असायला हवा होता.

बाकी, यंत्राची किंमतही खाली येतेय. गुरुग्रामच्या कंपनीचं 'एसएसआय मंत्र' हे देशी यंत्र २०२२ पासून मान्यता घेऊन आहे, परदेशी यंत्रापेक्षा बऱ्याच कमी पैशांत. स्पर्धा वाढली तर त्या चिपच्या आकड्यावरही परिणाम होईल.

---

कुळागरकन्या | बुधवार, रात्री ८.१०

सगळ्यांचे आभार. देव बरें करूं.

आज मामाच्या घरी जाऊन मोबाईलवर हा धागा वाचून दाखवला. हिरवा गाऊन ताई, तुमचा चिपचा भाग त्याने दोनदा वाचायला लावला. चांगली कात्री फेकून देतात ही गोष्ट त्याच्या गळी उतरेना. त्याचा कोयता वडिलांच्या वेळचा आहे. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, म्हणजे माझ्यासाठी कुणीतरी चार कात्र्यांचा एकेक वापर विकत घेतला. त्याला दान समजलं ते असं.

आम्ही घरात ठरवलंय की दर चवथीला जमेल ते त्या निधीत घालायचं, आणि पावतीवर 'यंत्रासाठी नव्हे, पेशंटच्या केससाठी' असं लिहून मागायचं. ठाण्याच्या ताई, असं लिहून मिळतं का?

---

ठाण्याची_सून | बुधवार, रात्री ८.४०

मिळतं. देणगीच्या पत्रातच लिहा, 'रुग्णसहाय्य निधीसाठी'. मग ती रक्कम आम्हाला दुसरीकडे वळवता येत नाही. कमी वाटली तरी पाठवा. झग्याचा एक संच निघाला तरी एका केसचा खोळंबा टळतो.

---

टाका_दोरा | बुधवार, रात्री ९.०५

मामांनी माडावर कधी चढायचं ते त्यांच्या सर्जननी सांगितलंय ना? भोकं छोटी असली तरी आतला टाका भरायला वेळ लागतो. तीन महिने तरी जड काम नको.

---

कुळागरकन्या | बुधवार, रात्री ९.२०

सांगितलंय सर, तीन महिनेच. ते गेल्या आठवड्यात संपले. पण मामी आज मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली की दुसऱ्या महिन्यातच तो परसातल्या ठेंगण्या माडाला शिडी लावून 'फक्त बघायला' वर गेला होता. चार शहाळी पण पाडली म्हणे. मी आज प्यायले ते त्यातलंच असावं.